‘हे ग्रॅनाइट नाही’ म्हणणारे सर

प्रा. बारडकर सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात माझा लेख असावा असे समितीच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हटले. या ग्रंथात लिहिणारे बाकीचे सगळे सरांचे विद्यार्थी. कुणी पाणी शोधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले, कुणी स्वतः भूगर्भशास्त्र शिकवणारे. मी निलंग्याची, सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन नांदेडला आले. इथे आमचे मार्बल-ग्रॅनाइटचे दुकान आहे. मग विचार केला, की सरांबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्याला त्यांचा त्रास झाला असे एखादे तरी माणूस या ग्रंथात असायला हवे. शिवाय मला सगळ्यांसमक्ष एक गोष्ट मांडायची आहे. सरांना डॉक्टरांनी हृदयाचे ऑपरेशन सांगितले आहे आणि सर ते पुढे पुढे ढकलत आहेत. समितीतल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही. आता झाले ठाऊक.

सरांची आणि आमची ओळख झाली ती एका ओट्यामुळे. सरांच्या घरी स्वयंपाकघराचे काम निघाले होते. सर आणि त्यांच्या पत्नी मालतीवहिनी ओट्यासाठी दगड बघायला आले. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तेव्हा हयात होते. गिऱ्हाइकाशी बोलणे हा त्यांचा हातखंडा. त्यांनी काळ्या दगडाच्या पाटीवर पाणी मारले, हाताने पुसले आणि म्हणाले, “हे घ्या सर. काळं ग्रॅनाइट. एक नंबर. नातवंडं होतील, पण याला काही होणार न्हाई.”

सरांनी खिशातून भिंग काढले, पाटीला नाक लावले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “हे ग्रॅनाइट नाही.”

दुकानात दुसरे एक जोडपे दगड बघत होते. त्यांचे हात थांबले.

मालक म्हणाले, “सर, सगळा बाजार याला ग्रॅनाइटच म्हणतो.”

“बाजार चुकतो. हा लाव्ह्याच्या घराण्यातला दगड आहे. जमिनीच्या पोटात थिजलेला. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते, यात दाखवा बरं मला.” एवढे बोलून ते थांबले असते तर ठीक होते. पण सर पुढच्या पाटीकडे गेले. लाटा लाटांची, करडी-गुलाबी पाटी होती, आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारी. “हेही ग्रॅनाइट नाही. हा नीस. रूपांतरित खडक.” मग कोपऱ्यातल्या ठिपक्यांच्या पाटीपाशी जाऊन एकदम आनंदाने म्हणाले, “हे मात्र ग्रॅनाइट! आणि यावर तुम्ही भलतंच नाव लिहिलंय.”

ते जोडपे निघून गेले. जाताना त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली ते मी ऐकले, “इथं सगळा डुप्लिकेट माल दिसतोय.”

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, “गिऱ्हाईक पळालं की हो सर!”

सर म्हणाले, “का पळालं? दगड उत्तम आहे. फक्त नाव चुकलंय.” आणि त्यांनी तीच पहिली काळी पाटी घेतली. बिलावर मात्र ‘ग्रॅनाइट’ लिहू दिले नाही. मालकांनी शेवटी नुसते ‘काळा दगड’ असे लिहिले, तेव्हा कुठे सही झाली. मालतीवहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तुम्ही अर्धा तास सोसलंत. मी रोज सोसते.”

मला वाटले, ही ब्याद गेली. पण सर पुढच्याच आठवड्यात परत आले, काही विकत घ्यायला नव्हे, नुसते बघायला. आमच्या मालकांना त्यांचा लळा लागला. ते चहा मागवायचे आणि सरांना खुर्ची गोदामाच्या बाजूला द्यायचे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कानावर काही जायला नको. तरी जायचेच. एकदा एक बाई पांढऱ्याशुभ्र मार्बलचा ओटा करायचा म्हणून हटून बसल्या होत्या. सौदा जवळजवळ झाला होता. सर उठले, समोरच्या रसवंतीवरून अर्धे लिंबू आणले आणि आमच्या पाटीवर पिळले. थोड्या वेळाने फडक्याने पुसले. जिथे रस पडला तिथली चकाकी गेलेली.

“बाई, तुमच्याकडे चिंच, लिंबू, ताक काही वापरतात का?” सरांनी विचारले.

“रोजच की हो.”

“मग हा ओटा वर्षभरात असा दिसेल. संगमरवर मूळचा चुनखडक. उष्णतेने, दाबाने त्याचं रूप बदललं, पण अंगातला चुना गेला नाही. आंबट लागलं की तो विरघळणार.”

त्या बाईंनी मार्बल घेतला नाही. ठिपक्यांचे ग्रॅनाइट घेतले, पुढे आपल्या बहिणीलाही आमच्याकडेच पाठवले. हा सरांचा चांगुलपणा म्हणून मी मांडते आहे. पण ती डाग पडलेली पाटी कुणी घेईना, ती अजून आमच्या भिंतीला टेकून उभी आहे, हेही मांडते. सरांच्या खरेपणाची किंमत अशी दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी पाटीवर पडते.

त्यानंतर आमचे मालक गेले.

त्यांना काही दिवस छातीत जळजळत होते. ते म्हणायचे पित्त आहे. सर रोज विचारायचे, “बिरादार, डॉक्टरकडे गेलात?” मालक म्हणायचे, “जातो सर. राजस्थानची गाडी येऊन राहिली, तेवढी खाली करून घेतो.” गाडी आली, खालीही झाली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखे काही उरले नव्हते. मी याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढेच, की तेव्हापासून ‘तेवढं झालं की’ हे शब्द कुणी उच्चारले, की माझ्या हातातले काम थांबते.

भेटायला येणारी माणसे खूप बोलली. देवाची इच्छा, लेकरांकडे बघा, आता तुम्हीच खंबीर व्हा. सर आले, भिंतीशी बसले आणि काही बोलले नाहीत. निघताना वहिनींनी खूण केली, तरी बोलले नाहीत. मला तेव्हा रागच आला होता. इतकी वर्षे चहा पिलेला माणूस, एक शब्द नाही?

दुकान बंद करावे असे धाकट्या दिरांचे मत पडले. त्यांचेही काही चूक नव्हते. दगडाचा धंदा, ट्रकवाले, हमाल, बिल्डर, यांत बाईमाणूस कशी निभावणार? मी म्हटले, बघते. पुन्हा दुकान उघडले त्या दिवशी पहिले गिऱ्हाईक म्हणून सर आले. आत आल्या आल्या मोठ्याने म्हणाले, “ही पाटी कशी दिली?”

मी भाव सांगितला.

“फार होतात. कमी करा.”

मी थोडे कमी केले.

“अजून करा. शेजारचा याहून स्वस्त देतो.”

मला कळेना. सरांनी जन्मात कधी भाव केला नव्हता. भाजीवाला मागेल तेवढे देऊन येतात म्हणून वहिनी त्यांना मंडईत पाठवत नाहीत. मी आणखी कमी केले, तसे सर खवळले. “अहो, आता तुम्हाला तोटा झाला! नाही म्हणा ना! मी निघून जातो असं म्हणतो, तुम्ही जाऊ द्या. पुन्हा सुरुवात करा.” असे ते दुपारभर आत येत होते आणि बाहेर जात होते. कधी बिल्डर व्हायचे, कधी उधारी मागणारा पाहुणा. कटर मशीन चालवणारे आमचे रफिकभाई मशीन बंद करून तमाशा बघत बसले. शेवटी मी सरांना खरेच चिडून म्हटले, “परवडत असेल तर घ्या, नाहीतर वाट मोकळी आहे!” तेव्हा सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हां. आता चहा सांगा.”

याला मी सरांचे सांत्वन मानते. फक्त दुपारभर माझे डोके उठवून त्यांनी ते केले, इतकेच.

पुढे शिकवणी सुरू झाली. मला कुणी विचारले नव्हते की शिकायचे आहे का. सरांनी दगडाचे दोन तुकडे गल्ल्याशेजारी ठेवले. “बघत जा. फरक दिसला की सांगा.” मी म्हटले, तुम्हीच सांगा ना, मला गिऱ्हाइके आहेत. सर नाही म्हणजे नाहीच. त्यांचे शिकवणे असे असते हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर त्यांनी कुणाला दिले असेल, तर त्यांनी तसे कळवावे. मी मान्य करीन.

येता-जाता ते तुकडे डोळ्यांसमोर राहिले. एके दिवशी म्हटले, “सर, दोन्हीत सामान एकच दिसतंय. काचेसारखे दाणे, गुलाबी दाणे, काळ्या टिकल्या. पण या पहिल्यात ते कसेही पडलेत, पोत्यात ज्वारी, तूर, मूग एकत्र ओतावेत तसे. आणि दुसऱ्यात ओळीनं बसलेत. काळ्यांची एक ओळ, गुलाबी दाण्यांची एक ओळ.”

मला वाटले, आता तरी शाबास म्हणतील. सर म्हणाले, “का?” आणि घरी गेले.

त्या ‘का’च्या मागे लागून मी वाचायला लागले. मुलीची शाळेची पुस्तके, मग सरांनी आणून टाकलेली जुनी पुस्तके, मग जी मिळतील ती. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते तेव्हा दुसरे काय करायचे? घरी जाऊन रिकामी खुर्ची बघण्यापेक्षा ते बरे होते. जे कळले ते असे. पहिला तुकडा ग्रॅनाइट, अग्निजन्य खडक. तो एके काळी वितळलेला रस होता. जमिनीच्या पोटात सावकाश निवत गेला आणि जागा मिळेल तसे त्यात दाणे वाढले. कुणाचा कुणावर जोर नव्हता, म्हणून ते कसेही पडले. दुसरा नीस, रूपांतरित खडक. तो आधीपासून खडकच होता. त्याच्यावर उष्णता आली, दाब आला, पण तो वितळला नाही. घट्ट राहूनच आतून बदलला. ज्या बाजूने दाब आला तिला आडवे होऊन त्यातले दाणे ओळीने बसले. म्हणजे खडकाकडे बघून कळते की जोर कुठून आला होता.

हे मी सरांना सांगितले आणि शेवटी, मन भरून आले म्हणून असेल, एक वाक्य जोडले. “सर, मीसुद्धा या दुसऱ्या दगडासारखीच आहे बघा. दाब पडला, पण वितळले नाही.”

बाकी कुणीही असते तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. सर म्हणाले, “चूक. दगडाला दुखत नाही, तुम्हाला दुखतंय. उगीच दगडाचं नाव घेऊ नका. रडायचं असेल तर रडा, मी बाहेर रफिककडे बसतो.” आणि ते खरेच बाहेर जाऊन बसले. मालक गेल्यापासून लोकांसमोर मी डोळ्यांतून पाणी काढले नव्हते. त्या दिवशी दुकानात, गल्ल्यामागे बसून, मी पोटभर रडले. बाहेर एक गिऱ्हाईक आले होते. सर त्याला थांबवून “हे ग्रॅनाइट नाही” हे समजावत होते, म्हणजे ते आत येणार नाही. ते गिऱ्हाईक पुन्हा कधीच आले नाही.

म्हणून या ग्रंथात कुणी सरांना ‘सह्याद्रीचा कातळ’ वगैरे म्हटले असेल, तर संपादकांनी ते काढावे. सरांना ते आवडणार नाही, आणि आपल्या भागातल्या दगडाला सह्याद्रीचे म्हटलेले तर मुळीच नाही.

आता दगडांच्या जोड्यांचे सांगते, कारण सरांचे-माझे सध्याचे भांडण तिथेच आहे. लातूर-निलंग्याकडे जमीन खणा, काळाच दगड लागतो. देगलूर-बिलोलीच्या पुढे गेले की गुलाबी-करडा. एकीकडच्या लेकरांनी दुसरीकडचा दगड पाहिलेलाच नसतो. पुस्तकातल्या चित्रावरून अग्निजन्य आणि रूपांतरित पाठ करतात, परीक्षेत लिहितात, विसरतात. सरांच्या मनात आले, की प्रत्येक शाळेला दोन दगडांची जोडी द्यायची, एक ग्रॅनाइट, एक नीस. दगड कुठला? तर आमचा. ओट्यात सिंक बसवायला पाटी मधोमध कापावी लागते. तो चौकोनी तुकडा एरवी वाया जातो. सरांनी त्या तुकड्यांवर हक्क सांगितला. त्यातही अट अशी, की एक बाजू पॉलिशची राहू द्यायची आणि एक बाजू घणाने फोडलेली हवी. “पॉलिश केलेल्या बाजूवर दाणे दिसतात, पण दगड हाताला कळत नाही,” म्हणे.

रफिकभाईंची चिडचिड ऐकण्यासारखी होती. “बाई, अख्खी जिंदगी फत्तर सीधा काटने में गई मेरी. अब ये सर बोलते, रफिक, जरा तेढा तोड. लोगां देखे तो क्या बोलेंगे, रफिक को काम नई आता?” बोलत बोलत फोडायचे मात्र. कंधारच्या शाळा झाल्या, उमरीच्या झाल्या. सर स्वतः एसटीने पिशव्या घेऊन जायचे. जोडी टेबलावर ठेवायची, “फरक दिसला की सांगा” म्हणायचे आणि वर्गात मागे जाऊन बसायचे. शिक्षकांचाही जीव टांगणीला. उमरीच्या एका गुरुजींनी मला फोन करून विचारले, “बाई, सर तर गेले, पण उत्तर काय हाय तेवढं सांगता का?”

मी सांगितले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गोदामात निलंग्यासाठी जोड्या बांधत असताना सर अचानक पोत्यावर बसले. मी म्हटले, पाणी देऊ का? ते म्हणाले, “काही नाही, पित्त असेल.” त्यांच्या कपाळावर घाम होता. तो घाम मी आधी एकदा पाहिला होता. मी रफिकभाईंना रिक्षा आणायला लावली. सर रिक्षात बसेनात. रफिकभाईंनी त्यांना सरळ उचलून आत ठेवले.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नळ्यांची चित्रे दाखवली, तीन ठिकाणी अडले आहे, ऑपरेशन करून घ्या, उशीर नको, असे स्पष्ट सांगितले. सर डॉक्टरांना म्हणाले, “करू. निलंग्याच्या शाळा राहिल्यात, तेवढं झालं की.”

मी तिथेच, डॉक्टरांच्या खोलीत, ओरडले. वहिनी माझा पदर ओढत होत्या. “सर, हेच शब्द होते! तुम्हीच रोज विचारत होता ना त्यांना, डॉक्टरकडे गेलात का म्हणून? मग तुम्हाला कुणी विचारायचं?”

सर शांतपणे म्हणाले, “दगडांना आजवर घाई नव्हती, आणखी महिनाभर...”

“दगडांना नसेल. तुमची नाडी चालू आहे.”

डॉक्टर हसले. सर हसले नाहीत, पण हो सुद्धा म्हणाले नाहीत. पावसाळा आला, मग शाळा नुकत्याच उघडल्यात म्हणाले, मग पोळा झाल्यावर म्हणाले, आता म्हणतात अमृतमहोत्सवाचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या, लोकांनी हॉल ठरवलाय. पुण्याहून मुलगा दर रविवारी फोन करतो, त्याला सांगतात, “बिरादारबाई बघतायत सगळं.” वहिनी मला म्हणाल्या, “माझं ऐकायची त्यांना सवयच नाही. तुझ्यावर निदान चिडतात तरी.”

म्हणून मी निलंग्याच्या जोड्या गोदामात ठेवून कुलूप लावले आहे. सर दुकानात येतात, कुलपाकडे बघतात, चहा घेतात आणि निघून जातात. रफिकभाई मधल्यामधे हैराण आहेत. निलंगा माझे माहेर. तिथल्या लेकरांच्या हातात ते दगड पडावेत असे माझ्याइतके कुणाला वाटत नसेल. पण ते सरांनीच न्यायचे आहेत, आणि वर्गात मागे जाऊन सरांनीच बसायचे आहे.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. मी चिंतते. सरांनी खूप जगावे, धडधाकट राहावे, माझी आणखी गिऱ्हाइके पळवावीत, वहिनींना आणखी छळावे. पण नुसत्या चिंतण्याने माणसे जगत असती, तर आमचे मालक आज गल्ल्यावर बसले असते. तेव्हा वाचकांना, म्हणजे सरांच्या आजवरच्या सगळ्या विद्यार्थ्यांना, माझी हात जोडून विनंती आहे. ग्रंथ कार्यक्रमाआधीच तुमच्या हाती येणार आहे, आणि कार्यक्रमाला तुम्ही सगळे हॉलमध्ये असाल. म्हणजे तो सरांचा वर्गच झाला, आणि वर्गात दिलेला शब्द सरांनी मोडल्याचे कुणी मला सांगितलेले नाही. शाल-श्रीफळ होऊ द्या, भाषणे होऊ द्या. सर बोलायला उभे राहिले, की तुमच्यातल्या एकाने उठून विचारायचे, “सर, ऑपरेशन कधी?” सर विषय बदलतील, उलट प्रश्न विचारतील, रागावतील, भिंग काढून व्यासपीठाची फरशी तपासायला लागतील. तुम्ही उभेच राहा. तारीख कळल्याशिवाय कुणी खाली बसू नका.